पास न झालेलं पत्र

अकरा महिन्यांपूर्वी मला एक पत्र आलं आणि त्याचं उत्तर मी दिलं नाही. आत्ता हे लिहितानासुद्धा 'दिलं नाही' खोडून 'देऊ शकलो नाही' असं करावं, असं मनात आलं. पण ते खोटं होईल. दोन्ही हात धड आहेत, घरात कागद आहे, कोपऱ्यावर पोस्टाची पेटी आहे. दिलं नाही, हेच खरं.

पत्र जुळाऱ्याचं होतं. ज्या छापखान्यात मी एकतीस वर्षं प्रुफं तपासली, तिथे तो शिशाचे खिळे जुळवायचा. एकेक अक्षर उचलून ओळ बांधायची, ओळींचं पान करायचं आणि त्याचा कच्चा ठसा, म्हणजे प्रूफ, माझ्याकडे पाठवायचं. मी समासात चुकांच्या खुणा करून ते परत खाली पाठवायचो. मी वरच्या मजल्यावर, तो तळमजल्यावर, आणि मध्ये एक कुरकुरणारा लाकडी जिना. तो मला 'स्वल्पविराम' म्हणायचा. कारण दारातून आत यायचं असलं तरी मी उंबऱ्यावर जरा थांबून विचार करायचो.

त्याने लिहिलं होतं :

"स्वल्पविरामा, डोळ्यांचं काही खरं नाही. डॉक्टर म्हणतात, वर्षभर अक्षर दिसेल, पुढचं सांगता येत नाही. म्हणजे त्यांना येतं, पण ते सांगत नाहीत. तेव्हा दिसतंय तोवर एक विचारून घेतो. एकतीस वर्षं मी पानं जुळवली आणि तू त्यांच्यावर खुणा केल्यास. एक पान कधी खुणेवाचून परत आलं नाही. खरं सांग, एखादं तरी बिनचूक होतं का रे? फोन करू नकोस. फोनवर तू नुसता हं हं करतोस. पत्र लिही. मला ते माझ्या डोळ्यांनी वाचायचंय. आणि अक्षर मोठं काढ. तुझ्या त्या मुंग्या मला आता दिसायच्या नाहीत."

उत्तर मला माहीत होतं. तिथेच तर घोडं पेंड खात होतं.

दुसरीही एक अडचण होती. आमच्या छापखान्यात एक नियम होता : आपलं लिखाण आपण पास करायचं नाही. प्रूफ दुसऱ्या कुणीतरी वाचायचं, कोपऱ्यात 'छापावे' असं लिहून सही करायची, मगच पान यंत्रावर चढायचं. मालकाने लिहिलेली जाहिरातसुद्धा ह्यातून सुटायची नाही. मी कधीमधी एखादं निवेदन, एखादी प्रस्तावना लिहायचो. त्यावर 'छापावे' लिहायला मी जिना उतरून जुळाऱ्याकडेच जायचो. तो हाताला लागलेली शाई पँटला पुसून सही करायचा. त्याच्या 'छापावे'शिवाय माझा एक शब्द कधी बाहेर गेलेला नाही. आता त्यालाच लिहायचं, तर पास कुणी करायचं?

हे कारण मी स्वतःला पुष्कळ महिने सांगितलं. ऐकायला बरं वाटायचं.

मोठ्या अक्षरासाठी मी कॉम्प्युटर उघडला. मुलीने दिलेला तो कॉम्प्युटर बायकोने शिवलेल्या फुलाफुलांच्या अभ्र्याखाली दोन वर्षं निवांत होता. त्यावर अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं, हे एक. आणि खाडाखोड दिसत नाही, हे दुसरं. माझ्यासारख्या माणसाच्या हातात ही सोय देणं म्हणजे आगीत तेल. मी रोज सकाळी एक पत्र सुरू करायचो. कधी 'प्रिय मित्रा', कधी नुसतं 'मित्रा', कधी 'अरे'. अर्ध्या पानावर अडलो की खिडकीच्या कोपऱ्यातल्या फुलीवर जायचो. मशीन विचारायचं : बदल जपायचे का? 'हो' म्हणावं, तर पत्र पास केल्यासारखं व्हायचं. 'नाही' म्हणावं, तर मेहनत पाण्यात. तिथे तिसरं एक बटण असतं, 'रद्द'. ते दाबलं की काहीच होत नाही. मला ते फार आवडलं. पत्र तसंच खाली लपवून ठेवायचो आणि दुसऱ्या दिवशी नवं उघडायचो. काम संपलं की पडदा बंद करायचो. पडदा म्हणजेच कॉम्प्युटर, अशी माझी समजूत होती. खालची डबी दिवसरात्र जागी आहे, हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मी कोणाला विचारलं नव्हतं.

मग अपडेट आलं.

पडद्यावर एक चौकट उगवली. तुमच्यासाठी नवी आवृत्ती तयार आहे, तुमचा अनुभव आता अधिक सुखद होईल, वगैरे. इतक्या गोड भाषेत कुणी विचारलं की मला नाही म्हणता येत नाही. पण खाली करार होता, आणि त्याखाली 'मी हा करार वाचला आहे' असं लिहिलेलं होतं. न वाचता कसं म्हणायचं? मी तो करार छापून घेतला. बेचाळीस पानं. तीन दिवस खपून मी तो सबंध वाचला. सबंध मनुष्यजातीत तो वाचणारा मीच एकटा असेन. सतरा चुका सापडल्या. त्या समासात नीट दाखवल्या, पण पाठवायच्या कुठे ते करारात दिलेलं नव्हतं. मग मी 'मान्य' दाबलं.

सदतीस टक्क्यांवर ते दोन तास बसलं. बायको दोनदा डोकावून गेली. "अजून शिजतंय का?" म्हणाली. शेवटी शंभर झाले, मशीन बंद होऊन परत सुरू झालं, नवं निळं चित्र आलं. मी हात चोळले. आणि सातव्या मिनिटाला सगळं थांबलं. बाण जिथे होता तिथे. कोपऱ्यातलं घड्याळही नऊ अकरावर उभं. मी माउस उचलून पाहिला, फुंकर मारून पाहिली. शेवटी हळूच "अहो" म्हणून पाहिलं.

खोटं कशाला बोला, पहिल्यांदा मला हायसंच वाटलं. अकरा महिने मी अडून होतो तो माझा दोष होता. आता मशीन अडलं होतं. त्याला मी काय करणार?

पण हे सुख टिकलं नाही, कारण पत्रं सगळी आतच होती. कागदावर एक ओळ नव्हती. म्हणून मी एक वही घातली आणि नोंदी सुरू केल्या. 'सकाळी ९.०४ सुरू केला. ९.११ हँग. दुपारी ४.३० सुरू केला, कशालाही हात लावला नाही, ४.३७ हँग. प्रिंटरची वायर काढून सुरू केला, सातव्या मिनिटाला हँग.' आठवडाभर मी हे करत होतो. नोंदी ठेवणं म्हणजे काम करणं नव्हे, हे मला कळत होतं. पण अक्षर चांगलं येत होतं.

जावयांना फोन केला. जावई कॉम्प्युटरच्याच कंपनीत फार वरच्या हुद्द्यावर आहेत. इतक्या वरच्या, की गेली दहा वर्षं त्यांनी कॉम्प्युटरवर फक्त दुसऱ्यांचे चेहरे पाहिलेत.

"बाबा, असं करू या," ते म्हणाले, "ह्यावर आपण एक मीटिंग घेऊ. मी तुम्हाला लिंक पाठवतो."

"लिंक कॉम्प्युटरवर येईल ना?"

"हो."

"तो हँग आहे."

"बरोबर. म्हणजे तो अजेंड्यावरचा पहिलाच मुद्दा."

पाठीमागून मुलीचा आवाज आला : "अहो, आपल्या घरातलं दाराचं कुलूप चार महिने अडकतंय. त्याची घ्या मीटिंग!"

"बाबा, बंद करून चालू केलात का?" जावयांनी आवाज खाली आणून विचारलं.

"एकोणतीस वेळा. वहीत आहे."

"मग मूळ कारण शोधायला हवं," ते म्हणाले. आम्ही दोघांनीही ह्याला मान्यता दिली आणि फोन ठेवला.

उरलं मदत केंद्र. अनोळखी माणसाशी फोनवर बोलणं मला जमत नाही. म्हणून काय बोलायचं ते मी कागदावर लिहून काढलं, दोनदा तपासलं आणि समोर ठेवलं. पलीकडे पाऊण तास एक यंत्र मला सांगत होतं की माझा वेळ फार मोलाचा आहे. मग एक मुलगी आली.

मी वाचलं : "नमस्कार. माझा संगणक अद्ययावत केल्यानंतर सात मिनिटांनी निश्चल होतो."

तिनेही वाचलं : "आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. कृपया पडद्यावर खाली उजवीकडे असलेल्या चिन्हावर क्लिक करा."

"बाण हलत नाही."

"धन्यवाद. क्लिक केलंत का?"

मी कागदाकडे पाहिलं. ह्याचं उत्तर माझ्या कागदावर नव्हतं. तिकडे कागद उलटल्याचा आवाज आला. तिच्याही नसावं. 

"सर, काय करायचं त्याची सविस्तर माहिती आपल्या ईमेलवर पाठवली आहे."

"ईमेल मी ह्याच कॉम्प्युटरवर बघतो."

"आपल्याला आणखी काही मदत हवी आहे का?"

आणखी म्हणजे काय, हे विचारायचा धीर झाला नाही. मी "नको" म्हणालो. तेवढ्यात ती एकदम हळू, कागदाबाहेरचं बोलली : "आजोबा, सांगू का? माझ्या घरचाही परवापासून हँगच होतोय." मग लगेच तिचा आवाज परत सरळ झाला आणि तिने मला एक ते पाचपैकी गुण द्यायला सांगितले. मी पाच दिले. तिच्यावर कोणी खुणा करू नयेत असं वाटलं.

त्याच्या दुसऱ्याच दिवशी घरातला फोन वाजला. तो बायकोने उचलला. मी आतल्या खोलीत वही लिहीत होतो. पहिल्यांदा तिचं "हो, हो, बोला ना" ऐकू आलं, मग बराच वेळ काहीच नाही, आणि मग : "कुठलं पत्र?"

माझ्या हातातली पेन्सिल थांबली.

जुळाऱ्याच्या सुनेचा फोन होता. सासरे रोज दुपारी दारात खुर्ची टाकून बसतात, पोस्टमन दिसला की उठतात. डावा डोळा गेला. उजव्याने दुकानाच्या पाटीवरची अक्षरं तेवढी दिसतात. डॉक्टर म्हणाले, आता पंधरा-वीस दिवस. त्यांनी फोन करू नकोस म्हणून बजावलंय, पण राहवलं नाही. तुमच्याकडून काही यायचंय का?

बायको खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. तिला मी पत्राबद्दल बोललोच नव्हतो. पुस्तकांच्या कपाटात, शब्दकोशाच्या दुसऱ्या खंडात ते होतं. काढून दिलं. तिने उभ्या उभ्या वाचलं.

"अकरा महिने!" ती म्हणाली. "अकरा महिन्यांत घोडी व्याली असती."

"कॉम्प्युटर हँग आहे."

"तो आठवड्याचा आहे. आधीचे दहा महिने कोण हँग होतं?"

मी चष्मा पुसायला घेतला.

"पुसा पुसा. तुम्हाला चष्मा पुसायला तरी डोळे आहेत," ती म्हणाली आणि चप्पल घालून बाहेर गेली. अर्ध्या तासात ती एका बाईंना घेऊनच आली.

ह्या बाई चौकाच्या पलीकडे कॉम्प्युटर दुरुस्त करतात. वय चाळिशीचं, खांद्याला पिशवी, कानामागे एक जाड काळा मार्कर. दुकानात येणाऱ्या प्रत्येक मशीनवर नंबर टाकायला तो लागतो, असं त्या म्हणाल्या. त्यांनी खुर्ची ओढली, बाह्या सरसावल्या आणि विचारलं, "काका, काय होतंय नक्की?"

बोलण्याऐवजी मी वही पुढे केली. त्या वाचू लागल्या. दुसऱ्या पानावर त्यांनी मान वर केली. माझे कान तापले.

"काका, हे तुम्ही लिहिलंय?"

"चुकलं का काही?"

"अहो, चुकलं कसलं! लोक येऊन सांगतात, 'चालत नाही.' पुढे काही विचारलं की रागावतात. असं लिहून आणणारं गिऱ्हाईक मी पहिल्यांदा बघतेय." त्यांनी मार्करच्या टोकाने एका ओळीवर टिचकी मारली. "हे बघा. हात लावला नाही, तरी सातव्या मिनिटाला बंद. प्रिंटर काढला, तरी सातव्या मिनिटाला. म्हणजे तुम्ही काही करत नाही म्हणून ते थांबत नाही, आणि करता म्हणूनही नाही. ते आपलं आपणच काहीतरी करत बसतं आणि त्यात दमतं."

"ह्यांच्यासारखंच," बायको म्हणाली.

बाईंनी ते मशीन अगदी जरुरीपुरत्या सामानावर सुरू केलं. म्हणजे आपोआप उघडणारं काहीही उघडायचं नाही, फक्त मशीन. आम्ही चहा घेतला. सात मिनिटं झाली, दहा झाली, वीस झाली. बाण मजेत फिरत होता.

"मशीन ठणठणीत आहे," बाई म्हणाल्या. "अपडेटही बरं आहे. आता काय आपोआप उघडतंय ते बघू." त्यांनी एक यादी काढली आणि तिच्यावरून बोट फिरवत गेल्या. मग बोट थांबलं. "हं. ह्या अपडेटमध्ये नवी सोय आलीय. मशीन बंद करताना जे जे उघडं असेल, ते सुरू करताना सगळं परत उघडून द्यायचं. सेव्ह केलं नसलं तरी ते स्वतःच जपून ठेवतं. करारात असतं लिहिलेलं, पण तो कोण वाचतो?"

मी उठून करार आणला. चौदावं कलम. वाक्य होतं, अक्षरशः तेच होतं. आणि त्याच वाक्याशेजारी, समासात, माझी खूण होती : एक काना राहिलेला. काना मला दिसला होता. बाकीचं दिसलं नव्हतं.

"काका, तुम्ही उघडं काय ठेवलं होतं?"

मी करार उलटा धरून बघत राहिलो.

"कारण ह्यात दिसतायत..." त्यांनी खाली, मग आणखी खाली सरकवलं. "दोनशे अकरा."

"दोनशे अकरा काय?" बायको म्हणाली.

"पत्रं. पहिल्यांदा एकेक करून उघडली असतील, म्हणून मशीनने कसंबसं निभावलं. आता सुरू झालं की दोनशे अकरा जण एकदम दारात. जीव जाईल नाही तर काय! काकू, वाचता का?"

नको म्हणायला मी तोंड उघडलं, पण माझं तोंड उघडायला नेहमीच वेळ लागतो. बाईंनी पहिलं पत्र उघडलं, मग दुसरं. बायको खुर्ची ओढून बसली आणि मोठ्याने वाचू लागली. 'प्रिय मित्रा, तुझं पत्र मिळालं.' पुढे काही नाही. 'मित्रा, तुझं पत्र पोचलं.' पुढे काही नाही. अशी चाळीस. मग हवापाण्याची वीसेक. एकात शिशाच्या खिळ्यांचा इतिहास होता, नऊ पानं. एकात आमच्या जिन्याच्या पायऱ्या मोजल्या होत्या. बाई तोंडाला रुमाल लावून बसल्या होत्या. बायको मात्र हसत नव्हती. साठाव्या पत्राशी ती थांबली.

"ह्यात उत्तर कुठंय?"

"पुढे असेल."

"एकाही पुढे नाहीये. त्याने साधं विचारलंय. एखादं पान बिनचूक होतं का? होतं का नव्हतं?"

परक्या बाईंसमोर सांगणं भाग पडलं. बहुधा त्या परक्या होत्या म्हणूनच सांगता आलं.

नोकरीला लागलो त्या पहिल्या वर्षी मी एक पान वर-खाली तीनदा तपासलं आणि एकही खूण न करता खाली पाठवायला काढून ठेवलं. त्यात चूकच नव्हती. संध्याकाळी मालक प्रुफं चाळत होते. ते पान हातात धरून सगळ्यांदेखत म्हणाले, "काय हो, आज झोप लागली होती वाटतं?" सगळे हसले. मी त्या पानावर एक खूण केली आणि मगच ते खाली गेलं. त्यानंतर नोकरी संपेपर्यंत माझ्याकडून कोरं पान गेलं नाही. चूक सापडली नाही की मी एखाद्या अक्षराला गोल करून लिहायचो, 'फिकट, बदला'. नाहीतर, 'जागा कमी, सारा'. कुणाला पडताळता येऊ नये अशाच खुणा. आणि खाली जुळारी चिमट्याने तो चांगला खिळा काढून दुसरा बसवायचा. एकदाही त्याने वर येऊन विचारलं नाही. त्याला वाटायचं, मला दिसतंय ते त्याला दिसत नाही.

"किती पानं असतील अशी?" बायकोने विचारलं.

"रोज दोन-तीन."

तिने जुळाऱ्याच्या पत्राची घडी घालून ते माझ्यासमोर ठेवलं.

"मग हेच लिहा."

"तो काय म्हणेल?"

"म्हणायला डोळे लागत नाहीत," ती म्हणाली. "वाचायला लागतात."

मी कॉम्प्युटरकडे वळलो आणि नवं पत्र उघडलं. बाईंनी माझं मनगट धरलं. "काका, थांबा. अपडेटनंतर हा तुमचा प्रिंटर त्याला ओळखत नाहीये. प्रिंटरलाही आता वेगळं अपडेट लागेल. त्याला उद्या-परवा."

"मग परवा..." मी म्हणालो.

दोघींनी माझ्याकडे एकदमच पाहिलं. बाईंनी कानामागचा मार्कर काढून माझ्यापुढे ठेवला.

कोरा कागद शोधायला उठलो, तर बायकोने मला उठू दिलं नाही. कागद शोधायला मी तासभर लावीन, हे तिला पन्नास वर्षांत पाठ झालंय. तिने करार उचलला. एका बाजूने छापलेली बेचाळीस पानं, पाठकोरी.

"ह्याच्यावर?"

"तो वाचून झालाय तुमचा. आता लिहायला घ्या."

माझं अक्षर जन्मभर समासात वाढलेलं. पहिला शब्द लिहिला, तो मार्करनेसुद्धा मुंगीएवढाच आला. बायको म्हणाली, "पाटीएवढं." दुसरा कागद. ह्या वेळी हात खांद्यापासून हलवला, भिंत रंगवताना हलवतात तसा. एका पानावर तीन-चार शब्दच मावत होते. शाई मागे फुटत होती आणि तिथली 'वापरणाऱ्याची जबाबदारी' काळी होत होती.

पहिल्या पानावर : होती. दुसऱ्यावर : रोज दोन-तीन. तिसऱ्यावर : पूर्ण बिनचूक. चौथ्यावर : मालकांच्या भीतीने. पाचव्यावर : खोट्या खुणा केल्या. सहाव्यावर : तुझे खिळे चांगले होते. सातव्यावर : चूक माझी.

"एवढंच?" बायको म्हणाली. "माणसाला जरा तब्येतीचं विचारावं."

आठव्या पानावर मी लिहिलं : मी येतोय.

हे लिहायचं माझ्या मनात नव्हतं. हात खांद्यापासून हलत होता म्हणून जास्त लिहिलं गेलं असावं.

पाचव्या पानावरचं एक अक्षर बाकीच्यांपेक्षा जरा झुकलेलं होतं. मी मार्कर परत घ्यायला गेलो, तर तो बायकोच्या हातात होता.

"आता काय?"

"हे कुणीतरी पास करायला हवं," मी म्हणालो. आणि तिला तो नियम सांगितला. पन्नास वर्षांच्या संसारात छापखान्यातली ही गोष्ट तिला कधी सांगितली नव्हती, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. तिने ऐकून घेतलं. मग आठही पानं पहिल्यापासून वाचली. प्रत्येक शब्दावर बोट ठेवून, घाई न करता वाचली. तिचं बोट कुठे थांबतंय का, ते मी बघत होतो.

"काय लिहायचं म्हणालात?"

"'छापावे.' आणि खाली सही."

"कुठे?"

"कोपऱ्यात. पण त्याला दिसेल एवढं."

तिने शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात लिहिलं. कोपरा पुरला नाही. तिचं 'छापावे' माझ्या पत्रापेक्षा मोठं झालं.

"काका, ह्या दोनशे अकरांचं काय करू?" बाईंनी विचारलं. "एकदम बंद करता येतात. 'बदल जपायचे का' म्हणून विचारतंय."

चौकटीत तीन बटणं होती. माझं बोट सवयीने तिसऱ्याकडे गेलं. मग मी हात मागे घेतला आणि म्हणालो, "नाही म्हणा त्याला." माझं मत बदलायच्या आत बाईंनी दाबलं. पडदा एकदा लुकलुकला. त्यांनी मशीन बंद केलं, म्हणजे सबंध बंद, खालच्या डबीसकट, आणि परत सुरू केलं. सातवं मिनिट आलं आणि गेलं. आठव्या मिनिटाला एक चौकट उगवली : तुमच्यासाठी नवी आवृत्ती तयार आहे.

मी 'नंतर आठवण करून द्या' दाबलं. त्या बाबतीत माझा हात बसलेला आहे.

पेटीपर्यंत बायको बरोबर आली. "पाय मोकळे करायला," असं ती म्हणाली. पण पाकीट तिनेच धरलं होतं आणि पेटीसमोर पोचल्यावरच माझ्या हातात दिलं. पाटीवर लिहिलं होतं की पेटी चार वाजता उघडतात. चारला दहा मिनिटं होती. मी पाटी पुन्हा वाचली. मग पाकिटावरचा पत्ता वाचला. मग माझ्या लक्षात आलं की पत्राखाली मी माझं नावच लिहिलेलं नाही.

"अहो," मी म्हणालो, "नाव..."

"त्याला कळेल. टाका."

आठ पानांचं पाकीट जाड झालं होतं. ते पेटीच्या तोंडात अर्धं गेलं आणि अडकलं. अर्धं आत, अर्धं बाहेर. अजून ओढून घेता आलं असतं.

"घ्या," बायको म्हणाली. "हिलाही अपडेट लागतंय वाटतं."

दोन्ही अंगठे टेकवून मी ते आत ढकललं. ते खाली पडल्याचा आवाज आला, तरी मी थोडा वेळ तिथेच उभा राहिलो. चार वाजता पोस्टमन सायकलवरून आला. त्याने पेटी उघडली, आमचं पाकीट बाकीच्यांबरोबर पिशवीत घातलं, आणि गेला.